हे खरे नाही

उमाशंकर हालगे राज्यमंत्री झाला त्या दिवशी माळहिवऱ्याच्या बाजारपेठेत दुपारीच शटरं खाली आली, आणि तसं कुणी सांगायला गेलेलं नव्हतं. चाकूर आणि उदगीरच्या मधल्या या गावानं आजवर सभापती पाहिला होता, झेडपीचा उपाध्यक्ष पाहिला होता. मंत्री मात्र टीव्हीवरच पाहिलेला. मोंढ्यातल्या आडत्यांनी जिलेब्या वाटल्या. शपथ घेताना उमाशंकर 'निःस्पृहपणे' या शब्दावर जरासा अडखळला, तर लोकांना त्याचंही कौतुक. आपला माणूस आहे, अडखळणारच, म्हणून हसले.

खातं मिळालं सार्वजनिक आरोग्य. आठवडाभरानं तो गावी आला तेव्हा हारांनी मान दुखायला लागली होती. गर्दी पांगल्यावर व्यंकटी सोनकांबळे पुढं आला. व्यंकटी बौद्धवाड्यातला, उमाशंकरच्या शाळेतल्या बाकावरचा जोडीदार. पंचायत समितीच्या पहिल्या निवडणुकीपासून त्यानं उमाशंकरसाठी सायकलवर, मग मोटारसायकलवर सगळा गण पालथा घातला होता. पक्षानं त्याला कधी पद दिलं नव्हतं आणि त्यानंही मागितलं नव्हतं. गावात उमाशंकरला 'उमा' म्हणणारी जी दोन-तीन माणसं उरली होती, त्यात तो एक.

"उमा," तो म्हणाला, "आता त्या दवाखान्यात तेवढा भुलीचा डाक्टर आण. दुसरं काई मागत न्हाई मी."

मागणी साधी होती. माळहिवऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत नवी होती, ऑपरेशन थिएटरात दिवे होते, टेबल होतं, आणि त्याला कुलूप होतं. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियन होत नव्हतं. अडलेली बाई आली की तिला गाडीत घालायचं आणि लातूरला पाठवायचं, एवढंच तिथलं काम. उमाशंकरनं व्यंकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांत सांगितलं, महिनाभरात आणतो. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

मुंबईत मंत्रालयात त्याला दालन मिळालं, दारावर पितळी पाटी लागली, शिपाई, स्वीय सहायक, पोलिस संरक्षण, सगळं आलं. काम तेवढं येईना. सकाळी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, भेटायला आलेल्यांचे अर्ज घ्यायचे. फाइल अशी एकही टेबलावर येत नव्हती. शेवटी त्यानं आपल्या खाजगी सचिवाला, सिद्धलिंग स्वामीला, समोर बसवून विचारलं. सिद्धलिंग मूळचा नांदेडचा, महसूल खात्यातला, चार मंत्र्यांकडं काम करून मुरलेला माणूस. त्यानं काही न लपवता सांगितलं. राज्यमंत्र्याला स्वतःचे असे अधिकार नसतात. कॅबिनेट मंत्री आपल्या अधिकारातले जे काढून देतील, तेवढे त्याचे. तसा आदेश निघावा लागतो, आणि तो अजून निघालेला नाही.

"कधी निघंल?"

"साहेब, काही जणांचा पाच वर्षांत निघत नाही."

उमाशंकर मोठ्या मंत्र्यांकडं गेला. त्यांना सगळे मोठे साहेबच म्हणत. खातं त्यांचं होतं, बदल्या त्यांच्या, खरेदी त्यांची. त्यांनी प्रेमानं चहा पाजला, लातूरकडं यंदा पाऊस कसा आहे ते विचारलं आणि पाठीवर थाप मारली. होईल की हालगे, घाई काय, तुम्ही आधी फिरा, खातं समजून घ्या. उमाशंकर फिरला. शिबिरांची उद्घाटनं केली, लसीकरणाच्या फिती कापल्या, रुग्णालयांच्या अचानक भेटी घेतल्या. त्या भेटींची खबर आदल्या दिवशीच तिथं पोचलेली असायची. माळहिवऱ्याच्या भूलतज्ज्ञासाठी त्यानं आपल्याच खात्याला शिफारसपत्रं दिली. रस्त्यावरच्या कुठल्याही आमदाराला जे देता आलं असतं, तेच मंत्र्यानं दिलं.

तरी पुढं भरती निघाली आणि त्या भरतीत माळहिवऱ्याला एक भूलतज्ज्ञ मिळाला. उमाशंकरच्या शिफारशीनं मिळाला की यादीत आपोआप आला, हे त्यालाही कळलं नाही, पण श्रेय त्याचं झालं. व्यंकटीनं स्टँडवर पेढे वाटले. डॉक्टर आला, हजर झाल्याची सही केली, आणि पुढच्याच आठवड्यात मोठ्या साहेबांच्या मतदारसंघातल्या रुग्णालयात प्रतिनियुक्तीवर निघून गेला. पगार माळहिवऱ्याच्या पदावर, काम तिकडं.

व्यंकटीचा फोन आला. "डाक्टर आला आन गेला. आसं कसं रं?"

उमाशंकर पुन्हा मोठ्या साहेबांकडं गेला. या वेळी चहा आला नाही. साहेबांच्या गावी नवं रुग्णालय सुरू व्हायचं होतं, मुख्यमंत्री येणार होते, तिथं माणसं लागणार होती. थोड्या दिवसांसाठी वापरतो आणि परत पाठवतो, असं ते म्हणाले. वर म्हणाले, एका डॉक्टरासाठी मंत्र्यानं एवढं खाली येऊ नये. उमाशंकरनं मान हलवली. जोर करावा असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण मंत्रिमंडळात फेरबदल होणार अशी कुजबुज तेव्हा चालू होती, आणि कुणाची नावं गळणार ते मोठ्या साहेबांसारखी माणसंच ठरवणार होती.

बाहेर येऊन त्यानं व्यंकटीला फोन लावला आणि सांगितलं, ट्रेनिंगला गेलाय. येईल दिवाळीच्या आत.

"मग बरं हाय," व्यंकटी म्हणाला. "मनिषाचं पहिलं बाळंतपण हाय. म्हायेरी आणावं म्हणून राहिली तिची माय. नांदेडला समदं हाय, पर पोरीचं मन इकडं हाय. डाक्टर येत आसंल तर आणतो."

उमाशंकर म्हणाला, "आण की."

व्यंकटीच्या मुलीचं, मनिषाचं, लग्न नांदेडच्या आनंदराजशी झालं होतं. आनंदराज झेडपीच्या शाळेत मास्तर. त्यांच्या घरापासून मोठा सरकारी दवाखाना रिक्षानं जाण्याएवढा जवळ, पण पहिलं बाळंतपण माहेरी ही पद्धत, आणि वडील म्हणत होते की आता आपल्या गावातही सगळी सोय झाली आहे. ती सातव्या महिन्यात माळहिवऱ्याला आली.

दिवाळी झाली. सोयाबीनच्या गंजी उठल्या. डॉक्टर आला नाही. कार्तिकातल्या एका सकाळी मनिषाला कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत बाळ अडलं. रुग्णालयात डॉ. मंजुश्री नावाची एकटी वैद्यकीय अधिकारी होती. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. तिनं कुलूप लागलेल्या थिएटरकडं पाहिलं नाही, गाडी बोलावली. गाडी चाकूरला दुसरा पेशंट घेऊन गेली होती, ती यायला वेळ लागला. आली तेव्हा पोरीची अवस्था बघून मंजुश्रीनं ओपीडीतली रांग तशीच सोडली आणि स्वतः गाडीत बसली. वाटेत आष्टामोडच्या पुढं मनिषाची शुद्ध हरपली. लातूरला पोचताच ऑपरेशन झालं. बाळ वाचलं, मुलगी. मनिषा टेबलावरच गेली.

उमाशंकर तेव्हा विदर्भात कुठल्याशा शिबिरात होता. त्याला मातीला जाता आलं नाही. त्यानं फोन केला, तो आनंदराजनं उचलला, आणि सर, सर म्हणत ठेवून दिला. व्यंकटी फोनवर आला नाही.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झालं. विरोधी बाकावरच्या एका आमदारानं प्रश्न लावला होता. मोठ्या साहेबांना नेमकं त्याच वेळी वरच्या सभागृहात उत्तर द्यायचं होतं, निदान त्यांनी तसं कळवलं. विधानसभेत राज्यमंत्र्यानं उत्तर द्यावं. शिवाय जिल्हा तुमचा, तुम्हाला माहिती अधिक, असाही निरोप होता.

सकाळी आमदार निवासाजवळच्या बंगल्यात सिद्धलिंगनं खात्याकडून आलेलं उत्तर समोर ठेवलं. प्रश्न होता: माळहिवरा येथील ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद रिक्त असल्यामुळे एका गरोदर मातेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? खाली उत्तर होतं: हे खरे नाही. सदर पद भरलेले आहे.

उमाशंकरनं ते वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"स्वामी, पद भरलंय, पण माणूस तिथं नाही."

"प्रश्न पदाबद्दल आहे, साहेब."

"मी असं उत्तर नाही दिलं तर?"

सिद्धलिंगनं कागद सुलटा करून पुन्हा त्याच्यापुढं सरकवला. मग त्यानं समजावलं. रागानं नाही, एखाद्या लहान पोराला नियम सांगावा तसं. मंत्रिमंडळ म्हणजे एक माणूस. आत काय वाट्टेल ते बोलावं, बाहेर एकच तोंड. तुम्ही सभागृहात उभे राहता तेव्हा हालगे नसता, शासन असता. शासनाचं उत्तर पटत नसेल तर आधी राजीनामा द्यायचा आणि मग बोलायचं. याला सामूहिक जबाबदारी म्हणतात. हे सगळं तो पूर्वीच्या चार मंत्र्यांनाही कधी ना कधी बोलला असावा, कारण कुठंही अडखळला नाही.

"आणि मोठ्या साहेबांची जबाबदारी?"

"तीच, साहेब. सामूहिक."

उमाशंकरनं नागपूरची थंडी असूनही पंखा लावायला सांगितला. राजीनाम्याचा विचार त्यानं केला, अगदी प्रामाणिकपणे केला. माळहिवऱ्याच्या बाजारात गाडीशिवाय, पोलिसाशिवाय उतरणारा स्वतःला पाहिला. लोक म्हणतील, आलेलं पद सांभाळता आलं नाही. व्यंकटीची पोरगी तर परत येणार नाही. पदावर राहिलो तर निदान पुढच्या पोरींसाठी काही करता येईल. हे शेवटचं वाक्य त्यानं मनात दोन-तीनदा म्हटलं आणि ते त्याला बऱ्यापैकी पटलं. मग त्यानं जाकीट चढवलं.

सभागृहात त्यानं उत्तर वाचलं. आवाज खणखणीत लागला, त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. विरोधी बाकं उठली. पद भरलं आहे तर डॉक्टर कुठं होता, असा उपप्रश्न आला. उमाशंकरनं खात्यानं दिलेलं वाक्य सांगितलं, की जनहितार्थ अन्यत्र सेवा उपलब्ध करून देण्यात आली होती. कुठं, कुणाच्या मतदारसंघात, असा ओरडा झाला. दोघे-तिघे अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत उतरले. गोंधळात उमाशंकरला पुढचं वाक्य सापडेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून पक्षाचा प्रतोद वाकला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, "एखादं निलंबन देऊन टाका. शांत होतील."

"कुणाचं?"

"तिथं त्या दिवशी कोण होतं?"

उमाशंकरच्या हातातल्या टिपणीत नाव होतं. तिथं खात्यानं हेही लिहिलं होतं की सदर वैद्यकीय अधिकारी पूर्वपरवानगीविना कर्तव्याचे ठिकाण सोडून गेल्या. मग त्यानं हात वर केला, आणि मराठवाड्याच्या मातीतला माणूस बोलतो तसा सूर लावून सांगितलं की ही भगिनी माझ्या गावची होती, हे दुःख माझ्या घरचं आहे, आणि म्हणून या प्रकरणात कुणाचीही गय केली जाणार नाही. कर्तव्याचे ठिकाण सोडणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मी या सभागृहात निलंबित करत असल्याची घोषणा करतो.

त्याच्या बाजूची बाकं वाजली. बराच वेळ वाजत राहिली. विरोधकही आपापल्या जागेवर जाऊन बसले, कारण त्यांनाही मतदारसंघात सांगायला काहीतरी मिळालं होतं. एवढ्या वर्षांच्या राजकारणात उमाशंकरसाठी अशी बाकं पहिल्यांदाच वाजली होती. खाली बसताना त्याचे कान गरम झाले होते, आणि ती शरम नव्हती. त्याला बरं वाटलं होतं. पुढं कित्येक दिवस त्याला हे आठवत राहिलं, की त्या घटकेला आपल्याला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. हालगे, छान सांभाळलंत. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर एक फाइल आली. घोषणा तुमची, तेव्हा मान्यताही तुमच्याच सहीनं व्हावी, त्यापुरते अधिकार तुम्हाला दिले आहेत, असा वरून शेरा होता. मंत्री झाल्यापासून त्याच्याकडं निर्णयासाठी आलेली ही पहिली फाइल. सिद्धलिंगनं पेन उघडून दिलं. उमाशंकरनं सही केली, आणि सही नेहमीपेक्षा थोडी मोठी झाली.

अधिवेशन संपल्यावर त्याला नांदेडला आढावा बैठक होती. व्यंकटी नातीला बघायला तिकडंच, जावयाकडं गेला आहे असं कळलं, म्हणून बैठक संपवून तो तरोड्याकडच्या वस्तीत गेला. गल्ली अरुंद, गाड्यांचा ताफा तोंडाशीच थांबला. पोलिस पुढं धावले आणि आजूबाजूची दारं-खिडक्या उघडल्या.

आनंदराज दारात उभा होता. सरकारी नोकर, समोर मंत्री. त्यानं हात जोडले, खुर्ची पुसली आणि स्वतः भिंतीला टेकून उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना. त्याची आई भामाबाई बाळाला मांडीवर घेऊन आतल्या दारात बसली होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी मनिषाचा फोटो होता, लग्नातला. व्यंकटी सतरंजीवर होता. तो उठला नाही, पण म्हणाला, "या साहेब."

उमाशंकरला ते लागलं. तोही खुर्ची सोडून सतरंजीवर बसला. मग तो बोलत राहिला. मदतीचा चेक मुख्यमंत्री निधीतून मंजूर झाला आहे, आनंदराजची बदली हवी तिथं करता येईल, बाळाच्या नावानं काहीतरी करू. आनंदराज प्रत्येक वाक्याला 'जी सर' म्हणत होता. व्यंकटी जमिनीकडं बघत होता.

"ती डाक्टरीण," व्यंकटी मध्येच म्हणाला, "मनिषाचा हात धरून बसली व्हती लातूरपस्तोर. मी गाडीत म्होरं व्हतो, समदं बघत व्हतो. पोरगी गेली तवा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. आन तुम्ही तिलाच काढलं?"

"व्यंकटी, तसं नसतं ते. खात्याचा अहवाल असतो, नियम असतात. माझ्या हातात काय हाय? मी राज्यमंत्री."

"सही कुणाची हाय?"

उमाशंकरनं सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"न्हाई, मला कळत न्हाई म्हणून इचारतो," व्यंकटी म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "डाक्टर आणायचा व्हता तवा तुमच्या हातात काई नव्हतं. त्याला नेलं तवाबी नव्हतं. आन तिला काढायचं म्हणलं की आलं हातात? आन ट्रेनिंग म्हणला व्हता तुम्ही. पेपरात तर दुसरंच आलं. मी त्या ट्रेनिंगच्या भरवशावर पोरगी आणली."

आत बाळ रडायला लागलं. भामाबाईनं ते उचललं, पदराखाली घेतलं आणि उठून आतल्या खोलीत गेली. जाता जाता तिनं दार लोटून घेतलं. आनंदराजनं 'सर, चहा' म्हणून विचारलं. उमाशंकर म्हणाला, नको, पुढं जायचंय. तो उठला तेव्हा व्यंकटीही उठला आणि त्यानं गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत केली. पाहुण्याला पोचवायची रीत म्हणून केली. गाडीचं दार लागलं तेव्हा तो पाठमोरा झालेला होता.

लातूरच्या रस्त्याला लागल्यावर उमाशंकरनं सिद्धलिंगकडून डॉ. मंजुश्रीचा नंबर मागून घेतला. सिद्धलिंग म्हणाला, साहेब, नका करू, प्रकरण चौकशीत आहे. तरी त्यानं लावला. तिनं उचलला. त्यानं आपण कोण ते सांगितलं. तब्येतपाण्याचं विचारून झालं. ती म्हणाली की उदगीरच्या एका खाजगी दवाखान्यात विचारणा झाली आहे, बहुतेक राजीनामा देऊन तिकडं जाईन. माळहिवऱ्याच्या रुग्णालयात आता कुणीच डॉक्टर नाही, आठवड्यातून दोनदा दुसरीकडून एक जण येतो, हेही तिनंच सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं.

"सर, माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "फक्त एक सांगा. त्या दिवशी मी गाडीत बसायला नको होतं का?"

उमाशंकरनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याकडं चालली होती आणि त्याच्या गाडीसाठी पोलिस ती बाजूला सारत होते. त्याला उत्तर माहीत होतं. ते द्यायला कुठल्या आदेशाची गरज नव्हती, आणि गाडीत सिद्धलिंग आणि ड्रायव्हरशिवाय ऐकणारंही कुणी नव्हतं. सिद्धलिंग समोर बघत बसला होता.

"चौकशी चालू आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "त्यावर मला आत्ता काही बोलता येणार नाही."

"बरं सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लातूरच्या विश्रामगृहावर कार्यकर्ते दुपारपासून थांबले होते. माळहिवऱ्याला नवी रुग्णवाहिका मंजूर झाल्याबद्दल सत्कार होता. गाडी मंडपासमोर फुलं लावून उभी केलेली, काचेवर त्याचा आणि मोठ्या साहेबांचा फोटो. सिद्धलिंगनं खाली उतरून दार धरलं. उमाशंकरनं जाकीट नीट केलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि हारासाठी मान पुढं केली.